उसवण

रुवीतलं हॉस्पिटल, तळघर, लिननची खोली.
चौतीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन.
मराठी मीच केलंय.
'पोटात फुलपाखरं' यावर अख्खा गुरुवार गेला,
शेवटी 'पोटात गोळा' लिहिलं
आणि सरांना कळवलं, अर्थ तोच आहे.
तोच नाही.

समोर सफुरा बुरोंडकर, मूळची हर्णैची.
मशीन थांबवत नाही.
पेशंटांच्या गाऊनला नाड्या लावते, दिवसाला साठ.

विधान चार: मी माझे निर्णय स्वतः घेते.
'आमी घेतो.'
आम्ही म्हणजे कोण?
'आमी म्हंजे आमी.'
कागदावर आम्हीला चौकोन नाही.
मी दोनवर खूण केली.
त्याच आठवड्यात तिनं इथून, फोनवर,
धाकट्या दिराचं ठरलेलं लग्न मोडलं होतं,
पुतणीला नर्सिंगला घातलं होतं,
आणि विहिरीवर पंप कुठला बसवायचा तेही.
मला चहाच्या वेळी कळलं.
खूण शाईची होती.

विधान अकरा: मला उदास वाटतं.
'उदास नाय. असरची अजान झाली
की छातीवर कुनी बसल्यागत होतं,
मंग ता मानेत चढतं.'
छाती, मान: शारीरिक तक्रारी, रकाना वेगळा.
उदासीत शून्य.

बाविसाव्याला तिनं कागदच मागून घेतला.
ट्यूबलाइटकडे धरला, उलटा केला,
कापडाची वीण बघावी तसा.
'हा कोनाच्या मापावर काढलानी?'

मला माहीत होतं. परिशिष्ट ब, तळटीप, बारीक टाइप:
दोनशे बारा विद्यार्थी, एका थंड गावातले,
सगळे मुलगे, एकोणीस ते तेवीस,
हजेरीचे गुण मिळतात म्हणून बसलेले.
'कॉलेजातल्या पोरांच्या,' मी म्हटलं.
'तरीच. खांद्यात ढगळ,
आन् हितं,' तिनं पदराखाली हात नेला,
'हितं दम कोंडतो.'

मग तिनं ढिगातला एक गाऊन ओढला.
बाहेरून येतात, एकाच मापाचे, मागून उघडे.
बाळंतिणींच्या वॉर्डात जाणारे ती
पुढून उसवते, दोन बंद लावते.
कुणी सांगितलेलं नाही. कुणी विचारलेलंही नाही.
'पोराला पाजायचं कुठून, पाठीतून?'

रात्री आकडे भरले. सहभागी सत्तावीस.
स्वायत्तता: सरासरीच्या बरीच खाली.
कोरी प्रत उरली होती, तीवर माझंच नाव घातलं.
तीन विधानं झरझर.
चारवर अडकले.
ही नोकरी घ्यावी का, मी आईला विचारलं होतं,
भावाला, मावशीला,
आणि मोजत बसले तर
शेजारच्या काकांनाही.

निघताना सफुरा जे बोलली
ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.
दाराशी होते मी, कागद चुरगळलेला हातात.
'टाकू नको गो बाय.
कापड बरं हाय.
उसव.'