मागच्या पायडलवरून

वाजेदभाईनं दोन सायकली मधोमध कापल्या
आणि एक केली. जोड अजून बोटाला लागतो,
भाजल्यावर राहतो तसा वळ.
पुढं तो. मागं मी.
माझं हँडल वळत नाही, ते फक्त धरायला.
ब्रेक त्याच्याकडं, घंटी माझ्याकडं,
अशी आमची वाटणी.

पाचला निघतो. डाव्या कानात
रोलिंग मिलचा एकसुरी घोंगाट,
मग वजनकाट्याशी पत्र्याची थडथड,
मग हायवे. तो आम्ही नुसता ओलांडतो,
कुणाच्या बोलण्यात न पडता
खोलीतून निघून जावं तसा.

त्यापुढं जालना मागं राहतं.
डांबर जुनं, एका कडेनं खाल्लेलं.
"उतार है मास्टर," वाजेद म्हणतो.
मला ते आधीच कळलेलं असतं, गुडघ्यात.
चढ मांडीत कळतो. ओढा गालावर:
गार हवेची एक पट्टी,
रुंदी साडेतीन पायडल.

द्राक्षं कुठं सुरू होतात हे मी वाजेदला सांगतो,
तो मला नाही.
आधी तारा. वारा नसला तरी
ताणलेली तार काहीतरी म्हणतेच.
मग नाकात गंधकाची भुकटी,
मग ड्रिपची टिपटिप,
आणि शेततळ्याच्या प्लास्टिकवर
टिटवी चालत असावी, नखं वाजतात.

एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला.
इटलीचा बूट फळ्यावर काढायचो
एका दमात, टाचेसकट.
पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा.
पिके: द्राक्षे, ऑलिव्ह. पोरं लिहून घ्यायची.
तिकडं टेकड्यांवर वेली, वेलींमधून सामसूम रस्ते,
रस्त्यांवर रविवारी सायकली,
असं कुठल्याशा मासिकात वाचलेलं
तेही सांगायचो, परीक्षेला नसलं तरी.
इटली मी पाहिली नाही.
आता तसं बघितलं तर
सहा वर्षांत जालनाही नाही.

आज कडवंचीच्या अलीकडं चेन उतरली.
वाजेद खाली बसून पुटपुटत होता.
मी बांधावर उभा.
आत कात्र्यांची खसखस थांबली.
"गुर्जी? कामून उभे इथं?"
आवाज ओळखू येईना.
वर्गात एकच ऐकलेला असतो,
त्याच्याखाली केवढी विहीर आहे कळत नाही.
"मी रत्नमाला दाभाडे. बूट उलटा काढलेली."

आठवलं. टाच डावीकडं, चवडा उजवीकडं.
सिसिली सोडून
ग्रीसला लाथ घालणारा बूट.
"ग्रीसला!" मी मोठ्यानं म्हटलं,
तर वाजेद खालून, "लगाया ना, लगाया."
दहापैकी चार दिले होते मी तिला.

तिनं मनगट धरून मांडवाखाली नेलं.
"वाकून या, तार हाय."
एक घड तळहातावर टेकवला,
तोडला नाही, वेलीलाच राहू दिला.
"सांगा आता, किती दिस राह्यले?"

वजन होतं. लांबट मणी,
वर साईसारखं काहीतरी,
पुसलं जाईल म्हणून बोट हलकं केलं.
घडाच्या खांद्याला मऊ, टोकाला कडक.
पाणी वरून निघालंय,
अजून खाली पोचलेलं नाही.
"पंधरा," मी म्हटलं.
"बारा," ती म्हणाली. बाकीच्या बाया हसल्या.
"चारच मार्क, गुर्जी, तुमाला बी."

परतीला ऊन मानेवर होतं.
वाजेदनं विचारलं, काय म्हणत होती?
म्हटलं, वही तपासली माझी.
तो गप्प. दोघांचे पाय एकदम खाली,
एकदम वर. ओढ्याची पट्टी आली, गेली,
या वेळी चारच्या वर भरली.
का, ते कळलं नाही. आम्ही दमलो असू.

पुढं रस्त्यावर कुणीच नव्हतं,
असतं तर वाजेद बोलला असता.
तरी मी मान मागं वळवून
एकदा घंटी वाजवली.