अंशतः

जिनिव्हाहून दिल्ली, दिल्लीहून मुंबई,
मुंबईहून आमच्या सेंट्रल बिल्डिंगमध्ये
तक्ता पोचतो तेव्हा त्याची मुदत कालच संपलेली असते.
वर 'तातडीचे' असा शिक्का, तोही उलटा.
आत प्रश्न:
शासन मानवी हक्कांचे शिक्षण देते काय?
होय. नाही. अंशतः.
योग्य त्या चौकटीत खूण करावी.

पायगुडे साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"हे बघा सोनटक्के,
'होय' लिहिलं की पुरावा मागतात,
'नाही' लिहिलं की खुलासा.
अंशतः लिहा.
अंशतःला आजवर कुणी काही विचारलेलं नाही."

म्हणून मी सकाळपासून अंशतः लिहिते आहे.
अभ्यासक्रमात समावेश, अंशतः.
शिक्षकांचे प्रशिक्षण, अंशतः.
डबाही अंशतःच खाल्ला,
कारण सातव्या रकान्याला आकडाच हवा होता
आणि वडारवाडीच्या शाळेत फोन कुणी उचलत नव्हतं.

गेले मग स्वतःच.
दीप बंगला चौकात उतरून, विचारत विचारत.
शाळेच्या जिन्यात हक्कांचं पोस्टर,
सत्तावीस कलमं शाबूत,
पुढची वाळवीकडे.

सातवी ब. बागवान मॅडम.
आठवड्याला तासिका किती?
"वेळापत्रकात नाही हो तो विषय."
प्रशिक्षण?
"यादीत माझं नाव कधी आलंच नाही."
मी शून्य काढलं.
शून्याला बरं असतं, पेन उचलावं लागत नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून शेवंता धोत्रे उठली,
कुणाला काही न विचारता
फळ्याशेजारच्या खिळ्यावरची किल्ली घेतली
आणि गेली.
आली, किल्ली टांगली, हात फ्रॉकला पुसले,
भूमितीत पुन्हा शिरली.

"ही कसली?"
मॅडम हसल्या, थोड्या ओशाळून.
मुलींच्या मुतारीला कुलूप असायचं.
किल्ली मोठ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये.
तपासणी आली की उघडायची,
एरवी पोरी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत.
एकदा सगळा वर्ग हेल काढून हक्क म्हणत होता
तेव्हा ही मध्येच म्हणाली,
मॅडम, मग किल्ली कुणाची?

"मला उत्तर येत नव्हतं," मॅडम म्हणाल्या.
"म्हटलं, अर्ज करा. अर्जलेखन शिकवलंच होतं."
एकोणीस मुली. विषय: किल्लीबाबत.
विनंतीची वेलांटी चुकलेली,
सह्या वळणदार,
एकीनं आईसारखा अंगठाही उमटवून पाहिलेला.
चार दिवस मोठे सर कुणाशी बोलले नाहीत.
पाचव्या दिवशी शिपायानं खिळा ठोकला.

परतीच्या बसमध्ये वही उघडली.
वडारवाडी, सातवी ब:
तासिका शून्य, प्रशिक्षित शिक्षक शून्य.
आकडे खरे होते.
खोटं काहीच लिहिलं नव्हतं मी,
तरी चोरून काही नेत असल्यासारखी
पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

तक्त्याच्या शेवटी 'इतर माहिती, असल्यास',
दोन ओळींची जागा.
तिथं लिहिलं: मुलींकडे किल्ली आहे.
साहेबांनी न वाचता सही केली.
मुदत संपलेली असली की सही लवकर होते.

सात महिन्यांनी कागद परत आला,
त्याच वाटेनं, उलट्या क्रमानं,
प्रत्येक टेबलाचा एक शिक्का अंगावर घेऊन.
'किल्ली ही कोणती योजना?
लाभार्थी संख्या व अर्थशीर्ष तात्काळ कळवावे.'

पायगुडे साहेब माझ्याकडे बघतात,
मी कागदाकडे.
आज अकरावा दिवस,
मसुदा एका वाक्यापुढे सरकत नाही:

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की,
सदर किल्ली खिळ्यावर आहे.