एकतीस तारखेचं जहाज

जळगावला समुद्र नाही.
गिरणा आहे, तीही पुलाखाली
उरलेली वाळू मोजत बसलेली असते.
तरी दोनेक वर्षं झाली,
एमआयडीसीतल्या डाळमिलच्या ऑफिसात
माझ्या टेबलावर रोज एक जहाज लागतं.

मी फिरके. आयातीचे कागद बघतो.
पिवळा वाटाणा येतो
ज्या बंदरांची नावं मला अजून धड उच्चारता येत नाहीत
तिथून.
ड्युटी माफ होती. आधी मार्चपर्यंत, मग मेपर्यंत,
मग परत पुढच्या मार्चपर्यंत.
शेठ म्हणायचे, मांडव आहे हा, फिरके,
पाहुणे जेवताहेत तोवर कोण सोडतंय?

आणि ऑक्टोबर सरता सरता
पंगत बसलेली असतानाच सोडला.

दहा आणि वीस, तीस टक्के.
पहिल्या नोव्हेंबरपासून.
बिल ऑफ लेडिंग एकतीस ऑक्टोबरचं
किंवा त्यापूर्वीचं असेल, तर सूट.
मी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं.
'किंवा त्यापूर्वी'
एवढ्याशा ओट्यावर
आमचे बाराशे टन उभे होते
आणि जहाज तिकडे अजून भरत होतं.

रात्री साकळीहून देवकाताईचा फोन.
"काय रे भो, तुह्यं जहाज निंघालं नही ना?"
तिच्या कोठीत चाळीस क्विंटल हरभरा,
मार्केटात वाटाणा आला की
हरभऱ्याला कोणी विचारत नाही.
मी म्हटलं, नाही अजून.
"मंग बरं," ती म्हणाली.
सख्खी बहीण. मला राखी बांधते.
तिनं आमच्या जहाजाला अपशकून केला
आणि मला तिचा राग येईना.

एक वाजून दहा मिनिटांनी मोबाईल उजळला.
भरणं पूर्ण. बिल झालं.
भिंतीवर कॅलेंडर होतं, पतसंस्थेचं,
मी उठून त्याचं पान उलटलं.
पहिली तारीख.
मग अंधारातच खाटेच्या कडेला बसून
एका टनाचे तीस टक्के, गुणिले बाराशे,
बोटं पुरेनात, तरी बोटांवरच.

कुठून आठवले कोण जाणे,
सातवीच्या वर्गातले झोपे सर.
एका हातात पपई, दुसऱ्या हातात टॉर्च.
हा गाल उजेडात आला, म्हणायचे,
त्या गालावर अजून कालचीच रात्र आहे.
आम्ही हसलो होतो. मी जास्त हसलो होतो,
म्हणून छडीही मलाच.

इथे एक दहा.
तिथे, काळ्या समुद्राच्या काठी,
अडीच तास मागे,
दहा चाळीस.
तिथे अजून एकतीस होती!
कुणीतरी कारकून, माझ्यासारखाच,
बहुधा डोळे चोळत,
शिक्का मारून घरी निघाला असेल.
त्याला माहीत नाही त्यानं काय केलं.

सकाळी शेठनी पेढे मागवले.
मुकादम म्हणाला, फिरकेसाहेबांची कमाल.
शेठ म्हणाले, साहेबांची कसली,
पृथ्वी फिरते त्याची.
पेढा मात्र मला दोनदा दिला.

रविवारी साकळीला गेलो.
पाटोडीची भाजी केली होती, वर तर्रीचा लाल थर.
ताटावर बसल्यावर तिनं विचारलं,
"निंघालं का मंग?"
निघालं.
"सूट भेटली?"
भेटली.
तिनं माझ्या वाटीत अजून दोन पाटोड्या घातल्या.
"खाय. बेसन घरचं हाये.
इकतच्या बेसनात तुह्या वाटाणा ऱ्हायतो."

मी खाल्लं.
जेवता जेवता सांगितलं,
पुढचं जहाज सहा तारखेचं आहे,
त्याला तीस टक्के पूर्ण लागणार.
हे मी कुणाच्या बाजूनं सांगितलं,
मलाच कळलं नाही.

ती काही बोलली नाही.
पदराला हात पुसले
आणि कोठीच्या दाराची कडी
आधीच लागलेली होती,
तरी एकदा ओढून पाहिली.