शनिवारचा फोन

डिसेंबरात, शुक्रवारी दुपारी अडीचलाच
स्टॅमफर्ड हिलवर दुकानांची शटरं उतरतात.
पावांच्या पिशव्या घेऊन, टोप्या सावरत
मुलं पळत सुटतात, जणू अंधार
मागच्याच बसमधून येतोय.

मी फ्रिजचं तापमान वहीत लिहिते. चार अंश.
आतल्या बाटल्या मोजते. अठ्ठेचाळीस.
सकाळीही अठ्ठेचाळीसच होत्या.

हेन्या बिंडरला मी तीनदा पत्र धाडलं होतं,
चौथ्यांदा तिच्या दारात जाऊन उभी राहिले.
चौकटीवर तिरकी ठोकलेली लहानशी डबी,
येणारा-जाणारा तिला बोटं टेकवून ओठांना लावतो.
मी माझी बोटं खिशात ठेवली.

ती म्हणाली, देवाची ना नाही, नवऱ्याची नाही,
आमच्या रब्बींचीसुद्धा नाही.
तुमची वेळ सव्वातीनची. शाळा सुटते सव्वातीनला.
सात मुलं, एक बाबागाडी आणि तुमचा तो जिना.
मग आवाज खाली आणून:
शेजारीण सांगत होती,
तिच्या भाच्याचं बोलणंच थांबलं सुईनंतर.

मी माहितीपत्रक पुढे केलं.
तिने ते घेतलं, चार घड्या घातल्या
आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं.
मग चहा ओतला. टेबल हललं नाही.

मला राग यायला हवा होता.
पण मिरजेला आमच्या घरीही
गोवर पाहुण्यासारखाच यायचा.
दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद,
आणि आई म्हणायची, निघू दे, पुरता निघू दे,
आत राहायला नको.
कुमुदच्या अंगावर तो पुरता निघाला.
जाताना तिचे कान घेऊन गेला.
त्यानंतर चाळीस वर्षं आई तिच्याशी
जरा मोठ्यानेच बोलत राहिली.

हे हेन्याला सांगणार होते.
तेवढ्यात श्मेल्के रांगत आला
आणि माझ्या बुटाची नाडी त्याने तोंडात घातली.
आम्ही दोघी हसलो. मग मला निघायचं होतं.
(श्मेल्के माझ्या यादीत नव्हताच.
दहाव्या महिन्यात इथे सुई देत नाहीत.
तो सगळ्या मोठ्यांच्या भरवशावर होता.)

शनिवारी मी बटाटे सोलत होते.
फोनवर नाव उमटलं: बिंडर.

त्या घरात शनिवारी दिव्याचं बटणही दाबत नाहीत.
आदल्या संध्याकाळच्या मेणबत्त्या
आपल्या आपण विझतात.
जीव जात असेल तरच सूट.
उचलण्याआधीच मला कळलं
ती किती लांबून त्या फोनपर्यंत आली असेल.

"कानामागून सुरू झालं," ती म्हणाली. "आता पोटावर.
कुठल्याशा लग्नातून आणलं असणार.
दूध ओढत नाही. श्वास घेताना फासळ्या दिसतात."
ओठ कसले दिसतायत, मी विचारलं. निळसर?
ती गप्प.
मग अगदी हळू: "खोलीत अंधार आहे. दिवा लावू?"

लाव, मी म्हटलं.
मी, जिच्यावर तिच्या देवाने काहीच सोपवलेलं नाही.
खटका ऐकू आला.
त्यानंतर जे ऐकू आलं ते मी वहीत लिहिलेलं नाही.
ॲम्ब्युलन्सला पत्ता मीच सांगितला.

रविवारी थंड डबा घेऊन मीच गेले;
उरलेल्या सहांना घराबाहेर पडायला बंदी होती.
काहींना उशीर झालाही असेल.
हेन्या हॉस्पिटलात, ऑक्सिजनच्या नळीशेजारी.
घर अकरा वर्षांच्या रेखलच्या ताब्यात.
तिने भावंडांना उंचीप्रमाणे उभं केलं,
स्वतः शेवटी राहिली.
टेबल अजूनही हलत नव्हतं.

तिने बाही वर केली, न विचारता.
आईचा फोन आला का, एवढंच म्हणाली.
अजून नाही, मी म्हटलं. आता थोडं दुखेल हं.

ती दचकली.
इतक्या मोठ्याने बोलायचं
काहीच कारण नव्हतं.