तोवर

हलच्या दवाखान्यात, सव्विसाव्या आठवड्यात
नर्स डोरीननं दंडात सुई टोचली.
"डांग्या खोकल्याची. तुझ्यासाठी नाही, आतल्यासाठी."
दोन दिवस हात वर होईना;
वेणी यशोधननं घातली, वाकडीतिकडी.

शर्वाणी आता पाच आठवड्यांची.
भिंतीपलीकडे शेजारचा पोरगा खोकतो,
मग श्वास ओढतो, रिकामा हातपंप ओढावा तसा.
मी तिला दुसऱ्या अंगावर घेते.

नाळ कापली तरी माझं काही
हिंडतंय अजून तिच्या रक्तात.
त्यात मिरजेचा गोवरही असेल,
सातव्या वर्षीचा, खिडकीला चादर लावलेला.

विरत जाईल ते.
फ्रिजवर पत्र: आठवा आठवडा, मंगळवार, सव्वादहा.
तोवर पुरायला हवं.

दंड चाचपते मी.
कुठे टोचलं होतं, सापडत नाही.