पंचवीस टक्के

मेल आला तेव्हा मी चहात आलं किसत होते.
'प्रिय शर्वाणी, लेख सुरेख झालाय, पण'.
पणच्या पुढचं मी आलं किसून झाल्यावर वाचलं.
अंकाची पानं कमी केलीयत.
मासे, म्हातारी माणसं आणि उत्तरेची बंदरं
यंदापुरती पुरे झालीयत.
करारानुसार पंचवीस टक्के मिळतील.

याला इथे किल फी म्हणतात.
लेख मारायचा, आणि मारल्याचे पैसे
लिहिणारीच्याच हातावर ठेवायचे,
पुढचं क्रियाकर्म तुझं तू बघ.

वही काढली. तिच्यात दोन रकाने:
आलं, आणि येईल.
'येईल' केव्हाच दुसऱ्या पानावर गेलंय.
बॉयलरवाल्यांचे एकशेऐंशी पौंड, ऑगस्टपासून.
कुत्र्यांच्या बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर,
'खुसखुशीत, प्रामाणिक चव'
(त्यातलं प्रामाणिक माझं).
आणि ते प्रवासाचं मासिक, जे बुडालं
मी ज्या बेटावर लिहिलं होतं त्या बेटाच्या आधी.
उधारीचं पोतं सव्वा हात रितं, आई म्हणायची.
माझं पोतंच सव्वा हाताचं आहे, आई.

गॅसच्या मीटरवर दोन पौंड चाळीस.
ग्रिम्सबीत जानेवारीत चारलाच अंधारतं.

एव्हिसला सांगायचं होतं.
एव्हिस टास्कर, वय सत्त्याऐंशी,
फ्रीमन स्ट्रीटच्या मागे, तळमजला.
ट्रॉलरची जाळी विणली तिनं जन्मभर,
परसातल्या आकड्याला दोर अडकवून,
घरबसल्या, नगावर पैसे.
लेख येणार म्हणून खाटकाला सांगून बसलेली,
फोटोसाठी केस सेट करून घेतलेली.

फोनवर म्हणाली, मग येऊन वाचून तरी दाखव.

बसचे पैसे वाचवत चालत गेले.
गोदीकडून धुरी दिलेल्या हॅडकचा वास,
आणि वारा असा, की कोटाला बटणं आहेत
हे त्याला कुणी सांगितलेलंच नसावं.

बाराशे चाळीस शब्द वाचले,
माझ्या उच्चारांत, तिच्या हीटरपाशी.
तिनं डोळे मिटले होते.
संपल्यावर वाटलं, झोपली.
मी कागद घडी करायला घेतले.

'सुई डाव्या हातात लिहिलीस. मी उजवी.'

सॉरी म्हणाले.

'आणि आमचा लेन गेला त्या रात्री वादळ नव्हतं.
लख्ख चांदणं होतं. समुद्र ताटासारखा.
म्हणून तर कुणाला कळलं नाही, का ते.'

वादळ मीच घातलं होतं.
दुसऱ्या पानावर, संपादकाला आवडेल म्हणून.
संपादकाला ते आवडलंही होतं.
सुरेख म्हणाला तो बहुधा त्यालाच.

काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं,
तुमचं जाळं कधी परत यायचं का?
'यायचं की. फोरमन घरी पाठवायचा.
गाठी सोडायच्या, त्याच सुतळीत पुन्हा घालायच्या.'
पैसे?
'दुसऱ्याचे. पहिल्याचे कोण देतो?'
मग म्हणाली, बिस्किटं त्या निळ्या डब्यात आहेत,
आणि मला एकही घेऊ न देता
तिला आठवलं, की ती कालच संपली.

घरी येऊन वादळ काढलं.
एकशेसहा शब्द गेले. अकराशे चौतीस राहिले.
सुई उजव्या हातात दिली.
चांदण्याच्या जागी अजून नुसती एक ओळ मोकळी आहे,
कारण ताटासारख्या शांत समुद्रावर
माणूस नाहीसा होतो, तो कसा लिहितात,
हे मला येत नाही.

तेवढ्यात बॉयलरवाल्यांचा मेल.
पैशांचा नाही.
उबेवर तीन वेगवेगळ्या ओळी हव्यात, सोमवारपर्यंत.

बोटं काखेत धरून बसलेय.
मीटरवर एक पौंड नव्वद.
पहिली ओळ सुचलीय,
खोडून पाहतेय.