शेजारचे छेद

खलफाननं फळ्यावर लिहिलं:
एक छेद दोन अधिक एक छेद तीन
बरोबर दोन छेद पाच.
खडू ठेवला, हात झटकले,
वर्गाकडे बघितलं. झालं.

वरची वरच्यांत मिळवली, खालची खालच्यांत.
किती सरळ, किती सभ्य बेरीज.
एकोणीस वर्षं मी हेच उत्तर तांबड्या पेनानं खोडते
आणि दर वर्षी ते नव्या हस्ताक्षरात परत येतं.

पुस्तकात पिझ्झा आहे.
पिझ्झ्यासाठी इथून निझवाला जावं लागतं,
आणि डोंगर चढून घरी आणेपर्यंत
तुकडे एकमेकांना चिकटून पुन्हा पूर्णांक होतात.
म्हणून पुस्तक मिटलं, मुलांना बाहेर काढलं,
खजुरांमधून, फलजच्या काठावर,
जिथे डोंगराच्या पोटातलं पाणी पाटानं येतं
आणि घड्याळ बघून वाटलं जातं.

"खलफान, तुझ्या आजोबांची पाळी किती?"
"अर्धा अथर."
(अथर म्हणजे अर्धा तास. हे इथे दुधाच्या दातांनाही ठाऊक.)
"आणि मामानं दिलेली?"
"अथराचा तिसरा हिस्सा."
"दोन्ही मिळून दोन पंचमांश?
नुसत्या आजोबांच्या अर्ध्याहूनही कमी?"

तो पाण्याकडे बघत राहिला.
मग चिडून म्हणाला,
"मग माझं पाणी प्यालं कोण?"

एवढा नेमका प्रश्न
शिक्षणखात्याच्या कुठल्याच परिपत्रकात नाही.

अथराची तीस मिनिटं केली.
अर्ध्याची पंधरा, तिसऱ्या हिश्श्याची दहा.
एकाच मापानं कापल्यावर
तुकडे एकमेकांशी बोलू लागले:
पंचवीस. तिसातली पंचवीस. पाच षष्ठांश.
खलफाननं पाटात पाय घालून बघितला,
परत आलेलं पाणी ओळखू येतं का.

वजाबाकीला वेळ लागला नाही.
पंधरातून दहा गेली, उरली पाच, म्हणजे षष्ठांश.
हुमैदच्या आईचं लिंबाचं झाड तेवढ्यात भिजतं.

गुणाकारावर मात्र सगळे रुसले.
गुणलं की वाढतं, असं दुसरीत मीच शिकवलं होतं,
आणि आता तिसऱ्या हिश्श्याचा अर्धा,
दहा मिनिटांची पाच.
"गुणून कमी झालं, बाई," हुमैद म्हणाला.
"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात."
"खोटं नाही रे. अपूर्ण."

मयासा फारशी बोलत नाही.
ओल्या मातीत काटकीनं काहीतरी करत होती.
"वजा केलं तरी षष्ठांश. गुणलं तरी षष्ठांश."
"योगायोग," मी म्हटलं, चपला शोधत.
"एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश घ्या.
वजा करा, एक छेद बारा.
गुणा, एक छेद बारा."

मी चपला सोडून खाली बसले.

"अर्धा आणि पाव?"
"नाही जमत. वजा केलं तर पाव,
गुणलं तर आठवा हिस्सा."
काटकीचं टोक तिनं मातीत दाबलं.
"छेद शेजारचे हवेत, बाई."

एकोणीस वर्षं.
किती वह्या, किती तांबडी पेनं,
आणि दोन बेटी उत्तरं शेजारी शेजारी,
मी दोघांनाही बरोबरची खूण करून पुढे गेलेली.

रात्री माझी पाळी होती, पावणेदोनला.
बॅटरी काखेत, पाय गारठलेले,
दगडाच्या फटीत कोंबलेलं फडकं ओढायचं
आणि पाणी आपल्या बाजूला वळवायचं, एवढंच काम.
तर डोक्यात पाव वजा पाचवा हिस्सा,
पाव गुणिले पाचवा हिस्सा,
एक छेद वीस, परत एक छेद वीस,
अथराचा विसावा भाग म्हणजे किती,
म्हणजे दीड मिनिट.

घड्याळ बघितलं.
तेवढाच उशीर झाला होता.
पलीकडे सुहैलच्या खजुरांत
माझं पाणी अंधारात हलक्यानं वाजत होतं.

फडकं ओढलं.
सकाळी खलफानला सांगायला हवं,
कोण प्यालं ते.